नॉकआउटचा पेपर वाचताना : गाड्याबरोबर नळ्याची यात्रा

इम्युनॉलॉजीच्या बहुतेक पेपरांत, पद्धतींच्या भागात, एक वाक्य ठरलेलं असतं. आठ ते बारा आठवड्यांचे सी५७बीएल/६ उंदीर अमुक पुरवठादाराकडून घेतले, नॉकआउट उंदीर तमुक लॅबने दिले, ते दहा पिढ्या बॅकक्रॉस केलेले होते. जर्नल क्लबमध्ये हे वाक्य कुणी वाचत नाही. आपण थेट पहिल्या आकृतीवर जातो. वाइल्ड टाइपचा काळा स्तंभ उंच, नॉकआउटचा पांढरा स्तंभ ठेंगणा, वर तीन तारे. म्हणजे हे जनुक या कामासाठी लागतं. पुढची स्लाइड.

त्या न वाचलेल्या वाक्याबद्दल आज लिहायचं आहे. कारण काळ्या आणि पांढऱ्या स्तंभामध्ये फक्त एका जनुकाचा फरक आहे, हे सगळं गृहीतक त्या एका वाक्यावर उभं असतं. ते वाक्य डळमळलं की आकृतीतल्या ताऱ्यांना काही अर्थ उरत नाही. फरक खरा असतो, पण तो कशामुळे आहे हेच कळत नाही. यासाठी तीन पेपर समोर ठेवतो : २०११चा ‘नेचर’मधला कॅस्पेस-११चा, २०१२चा ‘पीएनएएस’मधला आयआरएफ५चा आणि २०१६चा ‘सेल रिपोर्ट्स’मधला डॉक२चा. तुम्ही नेटची तयारी करत असाल किंवा जेआरएफ घेऊन लॅब शोधत असाल, तर यातला निदान पहिला पेपर मुळातून वाचाच. मात्र तो ज्यासाठी प्रसिद्ध आहे त्यासाठी वाचू नका.

आधी थोडी पार्श्वभूमी. ज्यांना नॉकआउट कसा बनवतात हे पाठ आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद ओलांडले तरी चालेल.

काळा उंदीर, म्हणजे सी५७बीएल/६, ज्याला सगळे ‘बी-सिक्स’ म्हणतात, त्याची सुरुवात १९२१ सालची. सी. सी. लिटल यांनी अ‍ॅबी लॅथ्रॉप या उंदीर पाळणाऱ्या बाईंकडच्या उंदरांपासून भाऊ-बहीण संकर करत हा वाण बांधला. रोगप्रतिकारशक्तीचं जे काही आपण उंदरात शिकलो त्यातलं बरंचसं या काळ्या उंदरात. पण १९८९च्या सुमारास जनुक ठरवून बंद पाडायचं तंत्र आलं तेव्हा अडचण अशी होती, की त्यासाठी लागणाऱ्या भ्रूणातल्या स्टेम सेल बी-सिक्सच्या नीट तगत नसत. १२९ नावाच्या दुसऱ्या एका वाणाच्या तगत. मग पद्धत पडली ती अशी : जनुक बंद पाडायचं १२९च्या पेशीत, त्यातून उंदीर तयार करायचा, आणि नंतर त्याचा बी-सिक्सशी पिढ्यानपिढ्या संकर करत राहायचं. दर पिढीत १२९चा वाटा निम्मा होतो. दहा पिढ्यांनंतर तो हजारात एक भाग उरतो. म्हणून ते ‘दहा पिढ्या’ एवढ्या अभिमानाने लिहितात.

आता यात एक पाचर आहे. निम्म्याचं हे गणित बंद पाडलेल्या जनुकापासून लांब असलेल्या, किंवा दुसऱ्याच क्रोमोसोमवर असलेल्या जनुकांना लागू पडतं. शेजाऱ्यांना नाही. दर पिढीत तुम्ही कुठलं पिलू निवडता? ज्याच्यात ते बंद जनुक आहे ते. म्हणजे त्या जनुकाला तुम्ही दर पिढीत हाताला धरून पुढे आणता, आणि त्याच्या डावी-उजवीकडचं १२९चं डीएनए त्याच्याबरोबर फुकट येतं. पुस्तकी हिशेबाने दहा पिढ्यांनंतरही दोन्ही बाजूंना सरासरी दहा-दहा सेंटिमॉर्गनचा तुकडा १२९चाच राहतो. उंदराच्या एकूण जनुकीय नकाशाच्या हिशेबात त्यात सहज काहीशे जनुकं येतात. बैलगाडीला वंगणाचा नळा टांगलेला असतो. गाडी पंढरपूरला गेली की नळाही जातो. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा. जनुकशास्त्रात यालाच पॅसेंजर म्युटेशन म्हणतात.

बहुतेक नळे निरुपद्रवी असतात. पण १९९५ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे कॅस्पेस-१ नसलेले उंदीर बनवले, तेव्हा गाडीला टांगलेला नळा साधा नव्हता.

कॅस्पेस-१ हे एन्झाइम आयएल-१ बीटा या दाहकारक प्रथिनाला कापून कामाला लावतं. ते नसलेल्या उंदरांत आयएल-१ बीटा तयार होत नव्हतं, हे अपेक्षितच होतं. दुसरी गोष्ट जास्त गाजली : जिवाणूंच्या आवरणातलं एलपीएस मोठ्या मात्रेत टोचलं की साधे उंदीर मरतात, हे मरत नव्हते. सेप्सिसवर काम करणाऱ्यांसाठी ही केवढी मोठी बातमी! पुढची सोळा वर्षं पाठ्यपुस्तकी समज हाच राहिला, की एलपीएसच्या धक्क्याने होणाऱ्या मृत्यूमागे कॅस्पेस-१ आहे.

२०११ साली जेनेनटेकच्या विश्व दीक्षित यांच्या गटाने, कायागाकी पहिले लेखक असलेल्या पेपरात, दाखवलं की १२९ वाणाच्या उंदरांतच कॅस्पेस-११ हे दुसरं एन्झाइम मोडलेलं आहे. जनुकातली पाच अक्षरं गाळली गेली आहेत, त्यामुळे आरएनए नीट जोडला जात नाही आणि प्रथिन धड बनत नाही. आणि कॅस्पेस-११चं जनुक क्रोमोसोम ९वर कॅस्पेस-१च्या अगदी भिंतीला भिंत लावून आहे. दहा काय, शंभर पिढ्या बॅकक्रॉस केला असता तरी ही दोन जनुकं सुटी होण्याची आशा नव्हती. थोडक्यात, जगभरच्या लॅबमध्ये ‘कॅस्पेस-१ नॉकआउट’ अशी चिठ्ठी लावलेल्या पिंजऱ्यांत प्रत्यक्षात कॅस्पेस-१ आणि कॅस्पेस-११ दोन्ही नसलेले उंदीर होते.

मग त्यांनी जो प्रयोग केला तो मला या पेपरातला सगळ्यात देखणा वाटतो. दोन जनुकं वेगळी करता येत नाहीत ना, मग एक परत घाला. दोन्ही नसलेल्या उंदरात त्यांनी बी-सिक्सचं धडधाकट कॅस्पेस-११ ट्रान्सजीन म्हणून घातलं. आता हा उंदीर पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने फक्त कॅस्पेस-१ नसलेला होता. त्याला एलपीएस टोचलं, आणि तो मेला. फक्त कॅस्पेस-११ नसलेले उंदीर मात्र वाचले. सोळा वर्षं ज्या गुणाचं श्रेय एका एन्झाइमला दिलं जात होतं, तो शेजाऱ्याचा निघाला.

इथपर्यंत ही गोष्ट तुम्ही कदाचित ऐकली असेल. इन्फ्लामासोमवरच्या प्रत्येक व्याख्यानात ती दोन मिनिटांत उरकली जाते. माझी तक्रार त्या उरकण्याबद्दल आहे. सांगणारा सहसा असं सांगतो की १२९मधला तो दोष कुणाला कसा माहीत असणार, जिनोम कुठे वाचलेले होते तेव्हा, बिचाऱ्यांचं नशीब. हे अर्धंच खरं आहे. जिनोम वाचलेला नव्हता, पण खुणा होत्या, आणि त्या छापील होत्या.

पहिली खूण १९९६ची. आयएल-१ बीटाच नसलेले उंदीर तोवर तयार झाले होते, आणि ते एलपीएसने साध्या उंदरांसारखेच मरत होते. आता विचार करा. कॅस्पेस-१ नसेल तर उंदीर वाचतो, पण कॅस्पेस-१ ज्याला कापतं ते प्रथिन नसलं तर मरतो. मग वाचवतंय कोण? यावर उत्तर दिलं गेलं की कॅस्पेस-१ आणखीही काही कापत असेल. उत्तर चुकीचं म्हणता येणार नाही, कारण ते खरंच आणखी काही कापतं, आयएल-१८ उदाहरणार्थ. पण २०१०पर्यंत आयएल-१ बीटा आणि आयएल-१८ दोन्ही नसलेले उंदीरही एलपीएसने मरतात हे दिसलं होतं. दुसरी खूण १९९८ची. कॅस्पेस-११ नसलेले उंदीर बनले आणि तेही एलपीएसला पुरून उरले. म्हणजे दोन वेगळे नॉकआउट, एकच गुण, आणि दोन जनुकं शेजारी. आज मागे वळून पाहताना हे डोळ्यात भरतं. त्या वेळी अर्थ लावला गेला तो असा, की कॅस्पेस-११ कॅस्पेस-१ला चालू करत असणार. दोघं एकाच साखळीतले, म्हणून गुण एकच.

यात कुणाला दोष द्यावा असं नाही. प्रत्येक स्पष्टीकरण आपापल्या जागी शहाणपणाचं होतं. तुम्हाला दाखवायचं आहे ते हे, की विसंगती समोर आली की जीवशास्त्रज्ञाचा हात आधी नव्या यंत्रणेकडे जातो. नवा सब्स्ट्रेट, नवी साखळी, नवा बाण आकृतीत. उंदराची चिठ्ठीच चुकीची असेल ही शंका सगळ्यात शेवटी येते, कारण त्या शंकेवर पेपर लिहिता येत नाही. बाणावर येतो.

आता २०११च्या पेपराचं शीर्षक आठवा. त्यात नॉन-कॅनॉनिकल इन्फ्लामासोम आहे, कॅस्पेस-११ आहे. सोळा वर्षांचे कॅस्पेस-१ उंदीर दुहेरी होते, हे शीर्षकात नाही. शोध पुढे, दुरुस्ती आत. लेखकांची बाजू मला कळते : त्यांच्याकडे खरंच मोठा शोध होता. ई. कोलाय आणि कॉलरा टॉक्सिन बी यांसारख्या उद्दीपनांना कॅस्पेस-११ लागतं, एटीपीसारख्यांना कॅस्पेस-१ पुरतं, हा नकाशाच नवा होता. पुढे दोन-तीन वर्षांत कळलं की कॅस्पेस-११ पेशीच्या आत शिरलेलं एलपीएस स्वतःच ओळखतं आणि माणसात हे काम कॅस्पेस-४ आणि ५ करतात. सेप्सिसवर औषध शोधणाऱ्याला कुठल्या एन्झाइमकडे बघायचं हे यावर ठरतं. तरीही एखादी विद्यार्थिनी २००६चा कॅस्पेस-१चा पेपर वाचत बसली असेल, तर तिला या दुरुस्तीपर्यंत नेणारी वाट शीर्षकांच्या शोधातून सापडत नाही. जुन्या पेपरांवर कुठे लाल शेरा नाही. ते मागे घेतलेले नाहीत, घ्यायलाही नकोत. त्यातली मोजमापं खरी आहेत. फक्त उंदराचं नाव वाचताना ‘कॅस्पेस-१ आणि ११ दोन्ही नसलेला’ असं मनात वाचावं लागतं. एटीपीने आयएल-१ बीटा बाहेर पडण्याबद्दलचं विधान असेल तर ते बहुधा टिकतं. एलपीएसने होणारा मृत्यू किंवा ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंमुळे होणारा पेशीमृत्यू असेल, तर तिथे पेन्सिलने प्रश्नचिन्ह करा आणि २०११नंतर तो प्रयोग कुणी पुन्हा केला का ते शोधा.

२०१२मध्ये सीआयएपी-१ या वेगळ्याच जनुकाच्या नॉकआउटमध्येही हाच मोडका कॅस्पेस-११ सापडला. तेही क्रोमोसोम ९वरचंच, त्याच आळीतलं.

आता दुसरा आणि तिसरा पेपर. हे दोन्ही मला पहिल्यापेक्षा जास्त अस्वस्थ करतात.

आयआरएफ५ हे इंटरफेरॉनच्या निर्मितीशी जोडलेलं जनुक. ते नसलेले उंदीर अनेक लॅबमध्ये वाटले गेले. २०१२च्या पेपरात असं निघालं, की यातल्या काही वसाहतींमध्ये डॉक२ या जनुकातही म्युटेशन आहे. डॉक२ लिम्फोसाइटना रसायनांच्या मागावर सरकायला मदत करतं. ते बिघडलं की बी पेशींच्या काही गटांची, विशेषतः प्लीहेतल्या मार्जिनल झोनमधल्या बी पेशींची, वाताहत होते. त्यामुळे आयआरएफ५च्या नावावर जमा झालेले काही दोष खरे कुणाचे, हा प्रश्न उभा राहिला. पण आयआरएफ५ आहे क्रोमोसोम ६वर आणि डॉक२ क्रोमोसोम ११वर. इथे नळा गाडीला टांगलेला नव्हता. मग तो आला कुठून?

उत्तर २०१६मध्ये मिळालं. बॉस्टनच्या शिव पिल्लई यांच्या लॅबने एसआयएई नावाच्या जनुकाचे म्युटंट उंदीर वापरून २००९ साली दाखवलं होतं की हे जनुक बी पेशींच्या वाढीवर आणि संदेशांच्या जोरावर नियंत्रण ठेवतं. २०१६मध्ये त्याच लॅबने लिहिलं की त्या उंदरांतले ठळक प्रतिकारशक्तीचे गुण एसआयएईचे नसून डॉक२मधल्या एका द्विरुक्तीचे आहेत. जनुकाचा एक तुकडा दोनदा छापला गेला आहे. आणि ही द्विरुक्ती आली ती सी५७बीएल/६एनएचएसडी या, हार्लनकडून तेव्हा विकल्या जाणाऱ्या, बी-सिक्सच्याच एका उपवाणातून.

हे नीट पाहा. नॉकआउट शुद्ध करण्यासाठी बॅकक्रॉस करायचा. बॅकक्रॉससाठी बाजारातून बी-सिक्स घ्यायचा. आणि दोष त्या बी-सिक्समध्येच. जितक्या जास्त पिढ्या बॅकक्रॉस कराल तितका दोष पक्का होत जाणार. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हेच. ‘दहा पिढ्या’ या शब्दांनी इथे शुद्धता सिद्ध होत नाही, उलट शंका वाढायला हवी.

स्वतःच्याच सात वर्षांपूर्वीच्या कामावर असा पेपर लिहिणं सोपं नसतं. एसआयएईचं काम नुसतं उंदरापुरतं राहिलेलं नव्हतं. माणसांतल्या ऑटोइम्यून आजारांशी या जनुकाचा संबंध असल्याचा दावाही २०१०मध्ये झाला होता आणि २०१२मध्ये साठ हजारांहून जास्त लोकांच्या तपासणीत तो टिकला नव्हता. अशा वेळी गप्प राहून पुढच्या विषयाकडे वळणं कुणालाही जमलं असतं. म्हणून २०१६चा हा पेपर मी कौतुकाने वाचतो. त्याच्या शीर्षकातच म्हटलं आहे की गुण ठळक आहेत आणि ते बाजारात मिळणाऱ्या एका बी-सिक्समधून आले आहेत. दुरुस्ती आत दडवलेली नाही. आयआरएफ५च्या पेपराचं शीर्षकही सरळ आहे, जरा सौम्य. ते एवढंच म्हणतं की यामुळे अर्थ लावणं गुंतागुंतीचं होतं. तिन्ही शीर्षकं शेजारी ठेवून पाहा. दुरुस्ती किती मोठ्याने सांगायची याची ही तीन माप आहेत.

बी-सिक्स म्हणजे एक उंदीर, हा समजच इथे तुटतो. १९५१ साली जॅक्सन लॅबमधून काही बी-सिक्स अमेरिकेच्या एनआयएचकडे गेले, आणि तेव्हापासून ‘जे’ आणि ‘एन’ ही दोन घराणी वेगळी वाढत आहेत. प्रत्येक पिलात दोन-तीन डझन नवी म्युटेशनं येतात, भाऊ-बहीण संकरात त्यातली काही कायमची बसतात, आणि वीस पिढ्या वेगळ्या वाढल्या की नियमानुसार उपवाण वेगळा धरतात. ‘जे’मध्ये एनएनटी हे मायटोकॉन्ड्रियाच्या रेडॉक्सशी संबंधित जनुक पाच एक्झॉननी तुटलेलं आहे, ‘एन’मध्ये नाही. ‘एन’मध्ये डोळ्याच्या पडद्याचा ऱ्हास घडवणारं सीआरबी१चं म्युटेशन आहे, ‘जे’मध्ये नाही. एका उपवाणात तर अल्फा-सिन्यूक्लिन, म्हणजे पार्किन्सन्सशी जोडलेलं प्रथिन, जनुकासकट गायब आहे. ते २००१मध्ये लक्षात आलं. पद्धतींच्या भागात नुसतं ‘सी५७बीएल/६’ लिहिणं म्हणजे पत्त्यावर ‘पाटील, कोल्हापूर’ एवढंच लिहिण्यासारखं आहे.

या सगळ्यावर हमखास तोडगा म्हणून सांगितला जातो तो लिटरमेट कंट्रोल. एकेरी म्युटंट नर आणि एकेरी म्युटंट मादी यांची पिलं घ्यायची, त्यातली नॉकआउट आणि साधी भावंडं एकमेकांशी तुलनेला ठेवायची. चांगला तोडगा आहे आणि ज्या पेपरात तो आहे त्याला मी एक गुण जास्त देतो. पण बरेच विद्यार्थी, आणि खरं सांगायचं तर बरेच रिव्ह्यूअरही, लिटरमेट हा शब्द दिसला की समाधानी होतात. आपल्या दोन गोष्टींवर तो लावून पाहा. डॉक२चा दोष दुसऱ्या क्रोमोसोमवर आहे, त्यामुळे तो भावंडांत कसाही वाटला जाईल. काही साध्या पिलांना मिळेल, काही नॉकआउटना मिळणार नाही. फरक पुसला जाईल किंवा निदान आकडे इतके विखुरतील की शंका येईल. लिटरमेट इथे वाचवतो. कॅस्पेस-११चं काय? ते कॅस्पेस-१ला चिकटलेलं. ज्या पिलाला बंद कॅस्पेस-१ मिळेल त्यालाच मोडका कॅस्पेस-११ मिळेल, दर वेळी, न चुकता. शेकडो लिटरमेट घेतले तरी काळा स्तंभ उंच आणि पांढरा ठेंगणाच राहील. लिटरमेट इथे काहीही वाचवत नाही.

म्हणजे लपलेला फरक दोन ठिकाणी लपतो, शेजारी आणि लांब, आणि दोन्हींची औषधं वेगळी आहेत. लांबच्यावर लिटरमेट चालतो. शेजाऱ्यावर जनुक परत घालून पाहणं, किंवा वेगळ्या पेशींत स्वतंत्रपणे बनवलेला दुसरा नॉकआउट तपासणं, हेच चालतं. परीक्षेत ‘योग्य कंट्रोल सांगा’ असा प्रश्न आला तर एक शब्द लिहून मार्क मिळतीलही. पेपर वाचताना ‘कुठल्या शंकेसाठी योग्य’ हे विचारावं लागतं.

२०१५मध्ये ‘इम्युनिटी’मध्ये बेल्जियमच्या एका गटाने पॅसेंजर म्युटेशनांचा मोठा हिशेब मांडला. १२९ आणि बी-सिक्सचे जिनोम समोरासमोर ठेवले तर १२९मध्ये १,०८४ जनुकांची प्रथिनं वेगळी किंवा बिघडलेली निघतात, आणि जुन्या पद्धतीने बनवलेल्या जवळजवळ प्रत्येक नॉकआउटमध्ये अशी काही येतातच. सोबत त्यांनी कुठल्या नॉकआउटच्या शेजारी काय आहे हे शोधायचं वेब साधनही दिलं. काम मोलाचं आहे. शीर्षकाशी मात्र माझं जमत नाही. त्यांनी शीर्षकात सगळ्याच उंदरांचा अर्थ बिघडतो असं म्हटलं आहे. प्रवासी सगळ्या गाड्यांत आहेत हे खरं, पण प्रत्येक प्रवासी गाडी पाडत नाही. प्रथिनातलं एखादं अक्षर बदलणं आणि कॅस्पेस-११सारखं अख्खं एन्झाइम जाणं, यांना एका आकड्यात मोजलं की वाचणाऱ्याच्या हाती नुसती भीती येते. ‘सगळंच संशयास्पद’ म्हटलं की माणूस काहीच तपासत नाही, हे आपण एरवीही पाहतोच.

आणि दर वेळी गुन्हेगार जनुकच असतो असंही नाही. २००८-०९मध्ये डॅन लिटमन यांच्या लॅबला दिसलं की टॅकॉनिककडच्या बी-सिक्सच्या आतड्यात टीएच१७ पेशी भरपूर आहेत आणि जॅक्सनकडच्यांत फारच कमी. आतापर्यंतचं वाचून तुम्ही म्हणाल, उपवाणाचा फरक. तो निघाला आतड्यातल्या सेगमेंटेड फिलामेंटस बॅक्टेरियांचा. ते जिवाणू दिले की जॅक्सनच्या उंदरांतही टीएच१७ पेशी वाढल्या. त्यांनी पुरवठादारांमधला फरक गोंगाट म्हणून बाजूला सारला नाही, तोच प्रश्न केला. तसंच सी३एच/एचईजे उंदरांचं. हे उंदीर एलपीएसला दाद देत नाहीत आणि त्यांची सख्खी चुलत घराणी देतात, हे वर्षानुवर्षं माहीत होतं. त्या फरकाचा पाठपुरावा करत ब्रूस बॉयटलर यांचा गट १९९८मध्ये टीएलआर४पर्यंत पोचला, आणि २०११च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा आहे. लपलेला फरक हा मुळात वाईट नाही. तो कंट्रोलच्या पिंजऱ्यात लपून बसला की वाईट.

क्रिस्परने हा प्रश्न संपला असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. शेजाऱ्याचा प्रश्न बराचसा संपला, हे मान्य. आता थेट बी-सिक्सच्या भ्रूणात जनुक बंद करता येतं, १२९ची गरज नाही. फक्त कॅस्पेस-१ नसलेले उंदीर असे बनले आहेतही. पण बी-सिक्स कुठला, हा प्रश्न तसाच आहे. २०१८मध्ये सीडी४५.१ या खुणेचे उंदीर, जे आपण सगळे बोन मॅरो काइमेरात ‘तसाच, फक्त वेगळ्या रंगाचा’ म्हणून वापरतो, त्यांच्या एका पुरवठ्यात एनसीआर१मध्ये म्युटेशन सापडलं. एनके पेशींवरचा एनकेपी४६ हा रिसेप्टर त्यामुळे पृष्ठभागावर नीट येत नाही. ज्या पिंजऱ्यावर कधीच शंका घेतली जात नाही, तो हा पिंजरा.

आपल्याकडे हे जास्त लक्षात ठेवायचं एक साधं कारण आहे. परदेशातून नॉकआउट आणणं म्हणजे करार, परवाने, क्वारंटाइन आणि खर्च. म्हणून एकदा आलेली जोडी वर्षानुवर्षं तिथेच वाढते, एका लॅबमधून दुसऱ्या लॅबमध्ये जाते, मूळ कागद कुणाच्या तरी जुन्या ईमेलमध्ये राहतात. जॅक्सन लॅबने २००३पासून बी-सिक्सचे भ्रूण गोठवून ठेवून दर काही पिढ्यांनी वसाहत त्यातून नव्याने भरायला सुरुवात केली आहे, म्हणजे वाण सरकणार नाही. तिथून १९९५मध्ये आलेल्या आणि इथे सुट्या वाढलेल्या वसाहतीला त्याचा काही उपयोग नाही.

तेव्हा लॅबमध्ये तुम्हाला ‘या उंदरांवर काम कर’ म्हणून एखादी वसाहत दिली गेली, तर पहिल्या आठवड्यात अ‍ॅनिमल हाउसच्या रजिस्टरशी बसा. नॉकआउट कुठल्या पेशींत बनला, १२९च्या की बी-सिक्सच्या. कुठल्या क्रोमोसोमवर, आणि शेजारी कोण. बॅकक्रॉस कुठल्या उपवाणाशी झाला; ‘जे’, ‘एन’ की हार्लनचा. कंट्रोल म्हणून ठेवलेले उंदीर त्याच वसाहतीतले की बाहेरून विकत घेतलेले. शेवटचा बॅकक्रॉस कधी. प्रतिकारशक्तीच्या पेशींवर काम असेल तर डॉक२ची द्विरुक्ती पीसीआरवर बघून घ्या. तुकडा कुठे जोडला गेला आहे ते ठाऊक असल्याने शेपटीच्या डीएनएवर एका दुपारचं काम आहे. क्रोमोसोम ९ असेल तर कॅस्पेस-११ही. सीनियर म्हणतील, कशाला, सगळे हेच उंदीर वापरतात. तरी करा, आणि निकाल काहीही आला तरी नोटबुकमध्ये तारखेसह लिहा, कारण हा प्रश्न तीन वर्षांनी एखादा रिव्ह्यूअर विचारेल तेव्हा ते उंदीर जिवंत नसतील.